गोड अत्तराची बाजू

अत्तराचे जुने शौकीन सध्या नव्या पोरापोरींवर रागावलेले आहेत. सातारा असो, सांगली असो की मिरज, अत्तराची कुपी उघडून मनगट पुढे केलं जातं तिथे हा राग हमखास ऐकू येतो. निमित्त आहे गोड वासाच्या तेलांचं. व्हॅनिला, कॅरमल, चॉकलेट, रसमलाई, गुलाबजाम, कुनाफा अशा नावांच्या तीन-तीन मिलीच्या रोल-ऑन बाटल्या कॉलेजातली मुलं आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली विकत घेतात, एकमेकांच्या हातावर लावून बघतात आणि त्यावर तासन् तास बोलतात. जाणकार म्हणवणारे त्यावर नाक मुरडतात. ‘ही पोरं अत्तर लावत नाहीत, मिठाई फासतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या वाक्यामागे चार आक्षेप आहेत. ही तेलं रासायनिक आहेत, अस्सल नाहीत. हे थेर पाश्चात्त्यांचे आहेत, आपले नाहीत. खाण्याचा वास अंगाला लावणं पोरकट आहे. आणि नमुन्यांच्या बाटल्या जमवणं ही पैशाची नासाडी आहे. चारही आक्षेप मनापासून घेतले जातात, म्हणून त्यांना उत्तरही मनापासून द्यायला हवं. माझं म्हणणं असं की अत्तराच्या जगात पहिलं पाऊल टाकणाऱ्यासाठी गोड वासाइतकं प्रामाणिक दार दुसरं नाही. आणि सातारा-सांगलीच्या माणसाला तर या दाराची किल्ली जन्मतःच मिळालेली असते.

पहिला आक्षेप अस्सलपणाचा. कनौजच्या अत्तराबद्दल मला नितांत आदर आहे. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण चिकणमातीने लिंपलेलं, तिथून निघालेली बांबूची नळी पाण्यात बुडवलेल्या भपका नावाच्या भांड्यात, आणि त्या भपक्यात चंदनाचं तेल. वाफ थंड होते आणि फुलाचा गंध चंदन पिऊन घेतं. शेकडो वर्षांची ही रीत आजही जिवंत आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण या रीतीचा हिशेब आक्षेप घेणारे कधी मांडत नाहीत. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात. भारतीय चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. चंदन इतकं महागल्यामुळे खुद्द कनौजमध्येही अनेक ठिकाणी भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखं स्वस्त माध्यम भरलं जातं. मग आपल्याकडच्या जत्रेत, उरुसात, बसस्थानकाबाहेरच्या हातगाडीवर शंभर रुपयांत मिळणाऱ्या ‘प्युअर गुलाब’, ‘असली चंदन’ आणि ‘कस्तुरी’ नावाच्या कुप्यांत काय असणार? कस्तुरीमृगाच्या शिकारीला आणि कस्तुरीच्या व्यापाराला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. म्हणजे त्या कुपीतली कस्तुरी कारखान्यातलीच असते.

तेव्हा नैसर्गिक विरुद्ध रासायनिक अशी रेघ मारून जुनं एका बाजूला आणि गोड दुसऱ्या बाजूला, असं करता येत नाही. रेघ मारायचीच असेल तर ती खरं सांगणाऱ्या आणि खोटं सांगणाऱ्या लेबलांमध्ये मारा. या कसोटीवर गोड तेलं मागे पडत नाहीत, उलट पुढे जातात. ‘रसमलाई’ लिहिलेल्या कुपीत रसमलाई पिळून भरली आहे असं विकणाराही म्हणत नाही आणि घेणाराही समजत नाही. तो वास रचलेला आहे हे दोघांना ठाऊक असतं. शंभर रुपयांच्या ‘असली गुलाब’बद्दल हे म्हणता येईल का?

आणि रचलेला वास म्हणजे हलका वास, हे समीकरण सुगंधाचा इतिहास मान्य करत नाही. 1874 मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडात सापडणाऱ्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं. व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य गंध पहिल्यांदाच शेंगेशिवाय मिळाला. पुढे 1889 मध्ये पॅरिसच्या गेर्लँ घराण्याने ‘जिकी’ या अत्तरात व्हॅनिलिन वापरलं आणि 1925 मध्ये त्याच घराण्याच्या ‘शालिमार’मध्ये त्याहून तीव्र असं एथिल व्हॅनिलिन आलं. शालिमारला आज शंभर वर्षं झाली आणि अजूनही ते जगातल्या थोर अत्तरांत गणलं जातं. त्याचा कणा गोड आहे आणि तो प्रयोगशाळेत तयार झालेला आहे. आज जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगेतून येणारा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. आपण खातो त्या आइस्क्रीमपासून बेकरीतल्या केकपर्यंत बहुतेक ठिकाणी हेच व्हॅनिलिन असतं. ते पोटात गेलेलं चालतं आणि मनगटावर आलं की ‘केमिकल’ होतं, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप परकेपणाचा. गोड, खाद्यगंधी अत्तरांची आजची जागतिक लाट 1992 मध्ये आलेल्या थिएरी म्यूग्लरच्या ‘एंजल’पासून सुरू झाली, हे खरं. ऑलिव्हिए क्रेस्प या अत्तरकाराने त्यात एथिल माल्टॉल मोकळ्या हाताने वापरलं. जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’चा, म्हणजे साखरेच्या कापसाचा वास ज्याने येतो, ते हे द्रव्य. त्याला पचौलीच्या मातकट, काळसर वासाची जोड दिली आणि एक नवं घराणंच उभं राहिलं. पण लाट तिकडून आली म्हणून पाणीही तिकडचंच ठरत नाही.

वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ सहाव्या शतकातली. तिच्यात गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंध जुळवण्याच्या विद्येचा, स्वतंत्र अध्याय आहे. मोजक्या द्रव्यांची प्रमाणं बदलत गेलं की किती निरनिराळे सुगंध होतात याचं गणित तिथे मांडलं आहे. त्याच अध्यायात सुगंधी मिश्रणाला धुरी द्यायच्या ज्या वस्तू सांगितल्या आहेत त्यांत राळ आहे, नखला आहे आणि गूळही आहे. या धुऱ्या एकत्र करून देऊ नयेत, एकामागून एक द्याव्यात, असं तिथे बजावलं आहे. निखाऱ्यावर गूळ टाकला की काय वास सुटतो हे आपल्या घरातल्या कोणालाही विचारा. तो कॅरमलचाच वास. गेल्या दीड हजार वर्षांपासून या देशात जळक्या साखरेचा गंध सुगंधशास्त्रात आहे आणि आम्हाला सांगितलं जातं की तो परवा पॅरिसहून आला.

आणखी जवळ येऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. कृष्णाकाठचा हा सगळा मुलूख तेव्हा चालुक्यांच्या सत्तेच्या छायेत होता. या ग्रंथात राजाने घ्यायच्या वीस उपभोगांचं वर्णन येतं. त्यात अंगाला लावायच्या विलेपनाचा भोग आहे, धुपाचा भोग आहे आणि त्याच मालिकेत अन्नाचा भोगही आहे. सुगंध आणि स्वयंपाक एकाच प्रकरणात शेजारी मांडताना त्या राजाला काही कमीपणा वाटला नाही. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प. कृ. गोडे यांनी ज्या सुगंधग्रंथांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, त्यात गंगाधराच्या ‘गंधसारा’बरोबर ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ आहे आणि त्यावर चक्क मराठीतली टीका आहे. सुगंध कसा जुळवावा हे मराठीत समजावून सांगणारा कोणी तरी शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेला. बडोद्याहून ते दोन्ही ग्रंथ 1989 मध्ये छापूनही आले. ज्यांना परंपरेची इतकी काळजी आहे, त्यांनी ही परंपराही वाचावी. तिच्यात जुळवाजुळव आहे, प्रयोग आहे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची मोकळी उसनवारी आहे. ‘फक्त मोगरा, गुलाब, हीना’ असा सोवळेपणा तिच्यात नाही.

हीनाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. हीना आणि शमामा ही जाणकारांची लाडकी अत्तरं. त्यांत वेलची, जायफळ, लवंग, केशर असं किती तरी पडतं. आता हाच मसाला आपल्या घरी कशात पडतो? वेलची-जायफळ-केशर श्रीखंडात पडतं, पुरणात जायफळ-वेलची पडते. जाणकारांना आवडणाऱ्या अत्तराचा अर्धा कच्चा माल आईच्या मिसळणाच्या डब्याशेजारीच ठेवलेला असतो. त्याला ‘गंभीर’ म्हणायचं आणि रसमलाईच्या तेलातल्या वेलची-केशराला ‘पोरकट’ म्हणायचं, हा भेद नाक करत नाही. तो नावावरून केला जातो.

हाच तिसरा आक्षेप: पोरकटपणा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे.

नवखा माणूस अत्तराच्या दुकानात जातो तेव्हा त्याची अडचण काय असते? त्याला वास आवडतो की नाही हे कळतं, पण वास चांगला जमलाय की नाही हे कळत नाही. ऊद म्हणून पुढे केलेलं तेल खऱ्या अगरूच्या जवळ आहे का, हे तो कसं सांगणार? त्याने अगरूचं लाकूड कधी जळताना पाहिलेलंच नाही. अंबर, कस्तुरी, शमामा, सगळं त्याच्यासाठी ऐकीव आहे. विकणारा सांगेल ते खरं. म्हणून नवख्याला ‘आधी ऊद शिक, मग गोडाकडे वळ’ असं सांगणं म्हणजे त्याला डोळे बांधून बाजारात पाठवणं आहे.

आता हाच मुलगा साताऱ्याचा आहे असं धरा आणि त्याच्यासमोर दुधाळ, खरपूस, गोड वासाचं तेल ठेवा. तो लहानपणापासून कंदी पेढा खात आलाय. मोती चौकातून जाताना कढईत परतल्या जाणाऱ्या खव्याचा वास त्याच्या नाकात बसलेला आहे. कंदी पेढ्याची खूण साखरेत नाही, भाजण्यात आहे. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर इतका परततात की तो तांबूस होतो, कडेला तूप सुटू लागतं आणि वासातला कच्चेपणा जाऊन खमंगपणा येतो. साखर बेतानेच पडते. या भाजण्यात दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी बोलतात. फ्रान्सच्या मायार नावाच्या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही प्रक्रिया मांडली म्हणून तिला त्याचं नाव आहे. तापलेल्या दुधात तयार होणाऱ्या गंधांपैकी एक माल्टॉल. ‘एंजल’मधलं एथिल माल्टॉल त्याचंच नातलग, फक्त जास्त तीव्र. पेढ्याच्या कढईतलं आणि पॅरिसच्या बाटलीतलं असं हे घरोब्याचं नातं आहे.

म्हणून साताऱ्याचा मुलगा त्या तेलाबद्दल ठामपणे बोलू शकतो. ‘यात साखर आहे, पण भाजणं नाही.’ ‘दूध आहे, पण तुपाचा जडपणा नाही.’ ‘वेलची वरवर आहे, आत उतरली नाही.’ हे बोलणं पोरकट नाही. हे परीक्षण आहे. मूळ वस्तू ओळखीची आहे म्हणून नक्कल पकडता येते. परीक्षण शिकायला दुसरा मार्गच नसतो.

सांगलीकडच्या माणसाचं भांडवल तर आणखी मोठं. थंडीत कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत रस ओतल्यावर आधी हिरवट, गवताळ वास येतो. मळी वर आली की तो वास मातकट होतो, मळी काढून टाकली की स्वच्छ होतो. मग रस आटत जातो, बुडबुडे जाड होतात, आणि गुळव्या हातातलं हलकं फावडं उचलून धार बघतो, त्या सुमाराला काकवीचा तो दाट, किंचित मेथीसारखा वास सगळ्या शिवारात पसरतो. मेथीसारखा, हे मी सहज म्हटलेलं नाही. सोटोलोन नावाचं एक गंधद्रव्य आहे. ते मेथीत असतं आणि उसाच्या कच्च्या साखरेतही सापडलेलं आहे. थोडं असलं तर गुळाचा-कॅरमलचा भास होतो, जास्त झालं तर मेथी. गुऱ्हाळावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकाला हे शास्त्राआधीच ठाऊक असतं. त्याच्या हातावर कॅरमलचं तेल लावा आणि विचारा, काहील कुठल्या टप्प्यावर उतरवली आहे. तो सांगेल.

तासगाव-कवठे महांकाळकडचा बेदाणा घ्या. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेडमध्ये जाळ्यांवर वाळणाऱ्या द्राक्षांचा जो आंबटगोड, मुरलेला वास असतो, त्यात डॅमॅसेनोन नावाचं द्रव्य मोठी कामगिरी करतं. आणि हेच द्रव्य आणखी कशात असतं? गुलाबाच्या तेलात. गुलाबात त्याचं प्रमाण नगण्य असतं, पण गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा फार मोठा. जाणकारांचा सोवळा गुलाब आणि तासगावचा बेदाणा हे आतून सगेसोयरे निघतात. फूल उच्च आणि फळ-मिठाई नीच, ही उतरंड निसर्गाने केलेली नाही.

म्हणून माझा दावा असा की गोड तेलावर तयार झालेलं नाकच पुढे ऊद, खस, हीना नीट वाचू शकतं. कॅरमलमधलं ‘भाजलेपण’ वेगळं काढायला शिकलेला मुलगा उद्या शमामातला धूर वेगळा काढेल. रसमलाईतली वेलची ओळखणारी मुलगी परवा हीनातली वेलची ओळखेल. ज्ञात गोष्टीकडून अज्ञात गोष्टीकडे जावं, हे शिकवण्याचं मूलभूत सूत्र आहे. मुलांना बाराखडीआधी मोडी वाचायला बसवणाऱ्याला आपण विद्वान म्हणत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा. ‘दहा छोट्या बाटल्या घेण्यापेक्षा एक चांगलं अत्तर घ्या,’ असं वडीलकीने सांगितलं जातं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण हिशेब उलटा आहे. तोळा म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम. नवख्याने दुकानात दोन मिनिटं वास घेऊन तोळाभर अत्तर उचललं आणि चार दिवसांनी ते नकोसं झालं, तर कपाटात पडून राहणारी ती कुपी हीच नासाडी. तेलाचा वास वेळेनुसार उलगडतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे उडतं ते हलक्या द्रव्यांचं काम. कॅरमलच्या तेलात सुरुवातीला कधी संत्र्याची साल, कधी दारूसारखा झणका येतो. तासाभराने साखर स्थिर होते. संध्याकाळी, कोपराच्या घडीत नाक नेल्यावर जे उरलेलं असतं, मऊ व्हॅनिला, चंदनासारखा लाकडी आधार किंवा नुसता साबणासारखा चिकट गोडवा, त्यावर ते तेल चांगलं की वाईट हे ठरतं. दुकानाच्या काउंटरवर हे कळूच शकत नाही. ते घरी, अंगावर, आपल्या घामात आणि आपल्या हवेत कळतं. तीन मिलीची कुपी असं राहून बघण्यासाठीच असते. जे मोठा खर्च करण्याआधी छोट्या कुपीवर थांबतात, त्यांना उधळे म्हणणं अन्याय आहे.

हे राहून बघणं कसं करावं, याची एक साधी शिस्त आहे. एका बैठकीत तीन-चारच्या वर तेलं हुंगू नयेत. नाक थकतं आणि सगळे वास एकसारखे वाटू लागतात. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची रीत दुकानांत असते, पण साध्या हवेपेक्षा त्यांनी काही जास्त होत नाही. दाराशी जाऊन मोकळी हवा घ्यावी किंवा स्वतःच्याच बाहीचा वास घ्यावा. आधी कागदाच्या पट्टीवर, मग मनगटावर, एका हातावर एकच. मनगटं एकमेकांवर घासू नयेत. आणि जमेल तेव्हा मूळ वस्तू शेजारी घ्यावी. पेढ्याचं तेल असेल तर पेढा, गुळाचं असेल तर ढेपेचा तुकडा. एकदा हे, एकदा ते, असं हुंगून वहीत दोन ओळी लिहाव्यात. याला वायफळ छंद म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं. चहाचे आणि द्राक्षांचे व्यापारी आपली चव जशी कमावतात, तशीच ही नाकाची कमाई आहे.

आता जे आक्षेप खरे आहेत, तेही बोलायला हवेत. बाजारात येणारी बहुतांश गोड तेलं भसाडी असतात, हे मला मान्य आहे. एथिल माल्टॉल स्वस्त आणि जोरकस. ते हात सैल सोडून ओतलं की वास डोक्यात जातो, एसटीत शेजारी बसलेल्याला गुदमरवतो. एप्रिल-मेमधल्या सांगलीच्या उन्हात तर असा वास अंगावर चिकटून बसतो. पण यावर उपाय म्हणजे प्रमाण आणि ऋतू पाहणं. उन्हाळ्यात टोकभर, थंडीत थेंबभर. मोगऱ्याचं अत्तरही कोणी हातभर फासलं तर लग्नाच्या मांडवात डोकं दुखतंच. म्हणून कोणी मोगऱ्याला पोरकट ठरवत नाही. हातातला सैलपणा हा बनवणाऱ्याचा आणि वापरणाऱ्याचा दोष आहे, वासाच्या जातीचा नाही.

दुसरी गोष्ट कातडीची. दालचिनीचा वास असणाऱ्या तेलांतलं मुख्य द्रव्य काहींच्या त्वचेला जाळतं, पुरळ आणतं. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर बघावं, मगच गळ्याला लावावं. इथेही ‘नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा गैरसमज सोडावा. दालचिनीच्या सालीचं शुद्ध तेल कारखान्यातल्या तेलाइतकंच त्रासदायक ठरू शकतं. खाण्यासाठीचा इसेन्स अंगाला लावू नये आणि अंगाचं तेल चुकूनही खाण्यात जाऊ देऊ नये. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. व्हॅनिलिन असलेलं तेल हवेत तपकिरी होतं आणि पांढऱ्या सदऱ्यावर, रेशमी काठावर डाग पाडतं, तेव्हा ते कातडीवरच लावावं. या सगळ्या गोष्टी विकणाऱ्याने सांगायला हव्यात. बहुतेक जण सांगत नाहीत. माझी खरी तक्रार तिथे आहे आणि जुन्या जाणकारांनीही आपला राग तिकडे वळवावा अशी माझी विनंती आहे. कुपीवर तेल कशात मिसळलं आहे ते लिहा, उत्पादनाची तारीख लिहा, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे तोंडाला येईल तसं छापू नका. ही मागणी गोड तेलांना जितकी लागू, तितकीच ‘असली चंदना’ला.

तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त खुपते. या कुप्यांवरची नावं पाहा. कुनाफा, कपकेक, डोनट, मार्शमॅलो. ज्या मुलीने हे पदार्थ एक-दोनदाच पाहिले, तिच्याकडून त्यांच्या वासाची पारख कशी व्हावी? आणि जे वास तिच्या नाकात मुरलेले आहेत, ते कुपीत का नाहीत? काकवी कुठे आहे? खरपूस खव्याचा कंदी पेढा कुठे आहे? बेदाणा कुठे आहे? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास साईत कालवला की काय होतं हे पाचगणीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बाजारातलं स्ट्रॉबेरीचं तेल अजून खोडरबरासारखा वास मारतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं. हळद शिजवताना उठणारी ती उष्ण, मातकट, किंचित संत्र्याकडे झुकणारी वाफ, हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतून, पूर्वी बाहेर निघणाऱ्या हळदीचा तो मुरलेला वास, यांना गुळाची आणि दुधाची जोड दिली तर हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांच्या आसपास जाणारं अत्तर का होऊ नये? हे काम कनौजच्या कारागिरांनी आणि मुंबईच्या सुगंध कंपन्यांनी आपल्यासाठी करावं म्हणून वाट बघत बसू नये. सातारा-सांगलीच्या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवलं जातं, इथे मिठाईवाल्यांच्या पिढ्या आहेत, गुळवे आहेत, हळदीचे व्यापारी आहेत. मिरजेत बिनअल्कोहोलच्या अत्तरांचं जुनं गिऱ्हाईक आहे, कारण नमाजाला जाणारा माणूस तेलाचंच अत्तर पसंत करतो. कच्चा माल, पारखी नाक आणि गिऱ्हाईक, तिन्ही एकाच पट्ट्यात आहेत. नाही आहे तो फक्त मान. गोड वासाला हलकं ठरवल्यामुळे त्याच्यावर गंभीरपणे काम करायला कोणी धजत नाही, आणि कोणी काम करत नाही म्हणून तो हलका राहतो.

जुन्या शौकिनांना माझं शेवटचं सांगणं हे. तुमच्याकडे जे आहे ते या मुलांकडे नाही: वर्षानुवर्षं मुरलेलं नाक, फाया कानात ठेवून दिवसभर वास वाचण्याची सवय, खोटं चंदन एका हुंगण्यात ओळखण्याची ताकद. हे सगळं त्यांना द्या. त्यांच्या कॅरमलच्या कुपीला हात लावा, मनगटावर घ्या, तासाभराने काय उरलं ते त्यांना सांगा. ‘यात साखर फार, लाकूड कमी,’ एवढं एक वाक्य त्यांना पुढच्या कुपीकडे, मग हीनाकडे, मग खसाकडे घेऊन जाईल. हसून, टोमणा मारून त्यांना उठवलंत, तर ती मॉलमधल्या स्प्रेकडे जातील आणि तेलाच्या अत्तराकडे परत फिरकणार नाहीत. पानसुपारीच्या तबकातून अत्तरदाणी आधीच बाहेर पडली आहे. तेलाच्या अत्तराला उरलेलं तरुण गिऱ्हाईक आज रसमलाईची कुपी हातात घेऊन उभं आहे. त्याला आत घ्या.